दामले यांची रिकामी जागा : 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणि आरोपीचा बचावाचा हक्क

प्रास्ताविक

'वकीलपत्र घेणे' हा शब्दप्रयोग मराठीत न्यायालयापेक्षा न्यायालयाबाहेरच अधिक ऐकू येतो. कोणाची बाजू घेऊन बोलणाऱ्याला 'तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतोस?' असे विचारले जाते, तेव्हा त्यात प्रश्न कमी आणि ठपका अधिक असतो. ज्याची बाजू घेतली जात आहे तो दोषी आहे, हे विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' या म्हणीतही हीच साशंकता आहे. आरोपीच्या बाजूने उभा राहणारा माणूस मराठी लोकमानसाला कायम थोडा संशयास्पद वाटत आला आहे. मराठी नाटकात त्याला मिळालेली जागाही या मानसिकतेशी सुसंगत अशीच आहे.

विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ मध्ये 'रंगायन'ने रंगभूमीवर आणले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे ही भूमिका यांमुळे तो प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा भाग झाला. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये त्यावर चित्रपट केला. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत हे नाटक वारंवार नेमले गेले आणि त्यावर विपुल लेखन झाले. या लेखनाचा मुख्य सूर स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गीय दांभिकता आणि समूहाचे क्रौर्य हा आहे. तो चुकीचा नाही. तथापि नाटकाचा घाट न्यायालयाचा असताना त्या न्यायालयात आरोपीचा वकील कोठे आहे, हा साधा प्रश्न समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या अनुषंगाने नाटकाचे पुनर्वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. वकिलाची रिकामी जागा हा या नाटकाच्या रचनेचा कणा असून ती लक्षात घेतली की बेणारेच्या अखेरच्या स्वगताचा अर्थ बदलतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

लखोबाला वकील लागत नाही

तेंडुलकरांच्या आधी पाच वर्षे, १९६२ मध्ये, आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आले होते. मराठी प्रेक्षकाच्या मनातील 'कोर्टाचे नाटक' या कल्पनेला त्या नाटकाने आकार दिला. फिरता रंगमंच, प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका आणि निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची ती खास बोली यांनी प्रेक्षक भारावून गेला. निपाणी कोल्हापूरपासून फार दूर नाही. सीमाभागातील ही बोली येथील प्रेक्षकाला ओळखीची होती. म्हणून लखोबा लोखंडे या भागात परका वाटला नाही.

त्या नाटकातील एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. लखोबा आपला खटला स्वतः चालवतो. साक्षीदारांची उलटतपासणी तो स्वतः घेतो, न्यायाधीशांना स्वतः संबोधतो आणि शब्दांच्या बळावर सारे न्यायालय आपल्याभोवती फिरवतो. आरोपीला वकिलाची गरज आहे हा विचार प्रेक्षकाच्या मनात येण्याचे कारणच उरत नाही, कारण या आरोपीपेक्षा अधिक वाक्पटू वकील मिळणे अशक्य आहे. प्रेक्षकाची नैतिक सहानुभूती फसवल्या गेलेल्या स्त्रियांकडे असते, करमणुकीची ओढ मात्र आरोपीकडे असते. लोकप्रियतेच्या दृष्टीने अत्र्यांनी केलेली ही योजना अचूक होती. न्यायाच्या दृष्टीने ती एक सोय होती. ज्याला बोलता येते तोच आरोपी त्यांनी निवडला.

ज्याला बोलता येत नाही, किंवा ज्याला बोलू दिले जात नाही, त्या आरोपीचे काय, हा प्रश्न मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांनी आणला. बेणारे मूळची अबोल नाही, हे विशेष. पहिल्या अंकात ती सर्वांत अधिक बोलते, गाते, सहकाऱ्यांच्या नकला करते. वकिली न चालणाऱ्या सुखात्म्यांची खिल्ली उडवते, इंटर नापास पोंक्षे यांना टोमणे मारते. लखोबाप्रमाणे तिच्याजवळही शब्द आहेत. पिंजऱ्यात उभे राहिल्यावर ते शब्द गोठतात. वाक्चातुर्य म्हणजे बचाव नव्हे, हे या दोन नाटकांच्या शेजारी शेजारी वाचनातून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकातून क्वचितच होईल.

गैरहजर प्राध्यापक

नाटकाची मांडणी थोडक्यात आठवणे आवश्यक आहे. मुंबईच्या एका हौशी मंडळाचे सभासद एका खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी येतात. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांच्या संदर्भात खटला चालवायचा आहे. वेळ मोकळा आहे, आणि रावते आलेले नसल्याने गावातील सामंत या साध्या तरुणाला साक्षीदार म्हणून उभे करायचे आहे. त्याने न्यायालय कधी पाहिलेले नाही. त्याला ते समजावे म्हणून रंगीत तालमीसारखा एक लुटुपुटीचा खटला उभा केला जातो आणि आरोपी म्हणून बेणारेला पिंजऱ्यात ढकलले जाते. आरोप भ्रूणहत्येचा. काशीकर न्यायाधीश, सुखात्मे सरकारी वकील.

मंडळात आरोपीच्या वकिलाची भूमिका नेहमी प्रा. दामले करतात आणि त्या दिवशी दामले आलेले नाहीत. बेणारेच्या पोटात वाढणारे मूल त्यांचेच आहे, हे प्रेक्षकाला पुढे कळते. तेंडुलकरांनी दामल्यांना मंडळातील दुसरी कोणतीही भूमिका देता आली असती. ते साक्षीदार असते, पट्टेवाला असते, तरी कथानक अडले नसते. त्यांना आरोपीचा वकील करून आणि मग गैरहजर ठेवून लेखकाने एका दगडात दोन पक्षी मारले आहेत. ज्याने तिच्या बाजूने बोलायचे तोच तिच्या संकटाचे कारण आहे. आणि जो खरा सह-आरोपी ठरायला हवा तो न येण्याचे स्वातंत्र्य उपभोगतो आहे. बेणारेला बाहेर पडायचे असते, पण दाराची कडी बाहेरून लागलेली असते. दामल्यांना यायचे नसते, आणि त्यांना कोणी समन्स काढत नाही. त्यांचे नाव पुकारले जाते, उत्तर येत नाही, काम पुढे चालू राहते.

दामल्यांची उणीव सुखात्मे भरून काढतात. एकाच खटल्यात सरकारी वकील आणि आरोपीचा वकील या दोन्ही भूमिका करण्याची जबाबदारी ते हौसेने घेतात. व्यावसायिक वकिलाला यात अवघड ते काय, असा त्यांचा आविर्भाव असतो. प्रयोगात हा भाग विनोदी वाटतो, प्रेक्षक हसतात. हा विनोद किती विषारी आहे हे तिसऱ्या अंकात कळते. फिर्यादीचे भाषण तावातावाने करून झाल्यावर सुखात्मे दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसतात, चेहरा दुःखी करतात आणि आरोपीच्या वतीने उभे राहून गुन्ह्याचे भयंकर स्वरूप मान्य करतात. मग मानवी दुर्बलतेचा हवाला देऊन दयेची याचना करतात. बचावाचे काम येथे संपते.

जर्मन भाषेत लिहिणारे स्विस लेखक फ्रीड्रिश ड्यूरेनमाट यांच्या १९५६ च्या 'डी पान्ने' या कथेशी तेंडुलकरांच्या नाटकाचे साम्य समीक्षकांनी दाखवले आहे. सेवानिवृत्त न्यायाधीश आणि वकील जेवणाच्या टेबलाभोवती खटल्याचा खेळ खेळतात आणि मोटार बिघडल्यामुळे मुक्कामाला थांबलेला एक प्रवासी त्या खेळात आरोपी होतो, अशी ती कथा. साम्य कोठवर आहे याचा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. भेद मात्र बोलका आहे. ड्यूरेनमाटच्या खेळात बचावाचा वकील हजर असतो आणि आपला अशील निर्दोष आहे असे ठासून सांगतो. आरोपी स्वतःच, आपण एक मोठा गुन्हा केला या कल्पनेने फुलून जाऊन, त्याचा बचाव झिडकारतो. तेंडुलकरांच्या खेळात बचावाचा वकील परस्पर गुन्हा कबूल करतो आणि आरोपीला कोणी विचारत नाही. स्विस कथेतला आरोपी वकील नाकारतो, मराठी नाटकातली आरोपी वकिलाला मुकते. दोन्ही ठिकाणी खेळ प्राणांतिक होतो, पण मूळ दोष एक नाही. साम्याच्या चर्चेत हा भेद दुर्लक्षित राहिला, हे खेदाने नमूद करावे लागते.

जे कोणी म्हटले नाही

खरा वकील त्या खोलीत असता तर त्याने काय म्हटले असते? हा प्रश्न साहित्यकृतीला बाहेरून लावलेला वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या नाटकाचे सर्व तंत्र न्यायालयीन आहे त्याला न्यायालयीन प्रश्न विचारणे अप्रस्तुत नाही.

पहिला आक्षेप आरोपाच्याच स्वरूपाला घेतला गेला असता. आरोप भारतीय दंडविधानाच्या कलम ३०२ खाली ठेवला जातो. ते कलम खुनाच्या शिक्षेचे आहे. गर्भपातासंबंधीचे गुन्हे त्या विधानात कलम ३१२ आणि त्यापुढील कलमांत वेगळे सांगितलेले होते. शिवाय येथे गर्भपात घडलेलाच नाही. मयत कोण, असा साधा प्रश्न विचारला असता तरी खटला त्याच क्षणी कोसळला असता. यातील उपरोध अखेरीस पूर्ण होतो. भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरू झालेल्या खटल्याचा निकाल काय, तर पोटातील गर्भ नष्ट करण्यात यावा. ज्या कृत्याबद्दल न्यायालय शिक्षा करायला बसले तेच कृत्य ते आपल्या हुकुमाने करवते. वैद्यकीय गर्भपाताला सशर्त मान्यता देणारा कायदा १९७१ मध्ये झाला. १९६७ मध्ये स्त्रीचे प्राण वाचवण्याव्यतिरिक्त अन्य कारणाने केलेला गर्भपात हा गुन्हा होता. काशीकरांचा निकाल म्हणजे त्यांच्याच काळाच्या कायद्यानुसार एका गुन्ह्याची आज्ञा आहे. ते दाखवून देणारा आवाज खोलीत नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याला. पोंक्षे, कर्णिक, रोकडे यांच्या साक्षींत ऐकीव माहिती, खाजगी संभाषण आणि वैयक्तिक आकस यांची सरमिसळ आहे. सामंत तर एका कादंबरीतील मजकूर साक्ष म्हणून सांगतो, आणि तो लागू पडतो! या प्रसंगाचा विचार 'योगायोग' म्हणून केला गेला आहे. खरे तर पुराव्याचे अधःपतन याहून तीव्रतेने दाखवता येणार नाही. साक्षींना अर्थपूर्ण छेद देणारी उलटतपासणी नाटकात कोठेच घडत नाही. तिसरा आक्षेप न्यायाधीशांना. काशीकर आपली खुर्ची सोडून साक्षीदार म्हणून उभे राहतात आणि साक्ष देऊन पुन्हा न्यायासनावर बसतात. कोणीही आपल्याच प्रकरणात न्यायाधीश असू नये हे तत्त्व न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. येथे न्यायाधीश, त्यांची पत्नी आणि त्यांच्या आश्रयाला असलेला रोकडे असे एक घरच न्यायालय बनले आहे.

सर्वांत गंभीर बाब अर्थातच सुखात्म्यांच्या दयेच्या याचनेची. आरोपीच्या संमतीवाचून तिच्या वकिलाने गुन्हा मान्य करावा का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मॅकॉय विरुद्ध लुइझियाना या खटल्यात याच प्रश्नाचे उत्तर दिले. फाशी टळावी या सद्हेतूने वकिलाने ज्युरीसमोर अशिलाचा गुन्हा मान्य केला होता. अशील मात्र आपण निर्दोष असल्याचे सांगत होता. बचावाचे उद्दिष्ट काय असावे हे ठरवण्याचा अधिकार आरोपीचा आहे, वकिलाचा नव्हे, असे न्यायालयाने बहुमताने म्हटले आणि नव्याने खटला चालवण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या वकिलाचा हेतू तरी चांगला होता. सुखात्म्यांना हेतू म्हणून काही नाही. त्यांना दोन भूमिका वठवल्याचा आनंद आहे.

येथे तेंडुलकरांच्या मर्यादेकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. सुखात्म्यांचे पात्र त्यांनी इतके पोकळ रंगवले आहे की प्रेक्षकाला सुटकेची एक वाट सापडते. हे काही खरे न्यायालय नव्हे, हा एक अयशस्वी वकील आहे, खऱ्या न्यायालयात असे होत नाही, असे मनाशी म्हणत प्रेक्षक घरी जाऊ शकतो. सुखात्मे थोडे अधिक सक्षम असते, त्यांनी एखादा खरा मुद्दा मांडला असता आणि तरीही बेणारे हरली असती, तर हे नाटक आहे त्याहून अधिक अस्वस्थ करणारे झाले असते.

कायद्यातील रिकामी जागा

१९६७ मधील खऱ्या न्यायालयांविषयी असा दिलासा बाळगायला फारशी जागा नव्हती. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क १९५० पासूनच दिलेला आहे. परंतु हा हक्क ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचा. वकील देण्याचे सर्वसाधारण बंधन राज्यावर नव्हते. अमेरिकेत १९६३ मध्ये क्लॅरेन्स गिडियन या कैद्याने तुरुंगातून पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावरून, गंभीर गुन्ह्यातील गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे, असा निर्णय झाला होता. भारतात सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीला शासकीय खर्चाने वकील देण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०४ ने केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ जोडला गेला. आणि १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी मोफत कायदेशीर साहाय्य हे न्याय्य प्रक्रियेचे अंग असल्याचे सांगितले.

होसकोट खटला शिक्षण क्षेत्रातील वाचकाने आवर्जून पाहण्यासारखा आहे. आरोपी स्वतः उच्चशिक्षित अध्यापक होते आणि आरोप विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा वाढवून तीन वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयात येण्यास त्यांना चार वर्षांहून अधिक विलंब झाला. निकालाची प्रत आपल्या हाती पडलीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा अर्ज फेटाळला गेला, पण त्या निमित्ताने सांगितलेले तत्त्व टिकले. पीएच. डी. झालेल्या माणसाची ही गत, तर निरक्षर कैद्याची काय, हा प्रश्न त्या निकालपत्रातून सहज उभा राहतो.

म्हणजे तेंडुलकरांचे नाटक या सर्व घडामोडींच्या आधीचे आहे. दामल्यांच्या रिकाम्या जागेला १९६७ मध्ये कायद्यातही एक प्रतिरूप होते. लेखकाने ते हेतुपुरस्सर योजले असे म्हणण्यास आधार नाही. पण साहित्यकृती आपल्या काळाच्या उणिवा लेखकाच्या नकळतही धारण करते.

ठराव आणि वकील

कायदा झाला म्हणून मानसिकता बदलत नाही, याचा प्रत्यय २००८ नंतर महाराष्ट्राला आला. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असा ठराव मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने केला. मार्च २००९ मध्ये विशेष न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नियुक्ती केली, तेव्हा त्यांच्या घरावर मोर्चा गेला. पुढे दुसऱ्या एका कारणावरून त्यांची नियुक्ती रद्द झाली; त्यानंतर अब्बास काझमी आणि अखेरीस के. पी. पवार यांनी बचावाचे काम पाहिले. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून बाजू मांडली. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात फाशी कायम झाली, परंतु त्याच निकालाने एक नियम सर्व आरोपींसाठी घालून दिला. अटकेतील व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांसमोर प्रथम उभे केले जाईल तेव्हाच, तिला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसल्यास तो शासनाच्या खर्चाने मिळेल, हे सांगणे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, हा तो नियम. भुरट्या चोरीत पकडल्या गेलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या मजुरालाही आज याचा लाभ होतो. वकिलांच्या संघटनांचे असे बहिष्काराचे ठराव बेकायदेशीर आहेत, हे त्यापूर्वीच, डिसेंबर २०१० मध्ये, मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते.

खुद्द कोल्हापूरलाही हा प्रश्न अपरिचित नाही. १९९६ मध्ये उघडकीस आलेल्या बालकांच्या अपहरण आणि हत्यांच्या प्रकरणात येथील सत्र न्यायालयाने २००१ मध्ये गावित भगिनींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. या गुन्ह्याइतका संताप पश्चिम महाराष्ट्रात क्वचितच कोणत्या गुन्ह्याविषयी व्यक्त झाला असेल. तरीही १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जांवरील निर्णयाला शासनाने लावलेला विलंब. हा मुद्दा कोणीतरी वकिलाने अभ्यासून, कागदपत्रे जुळवून, न्यायालयासमोर मांडावा लागला. निकाल ऐकून अनेकांना राग आला आणि तो समजण्यासारखा आहे. पण शासनाच्या दिरंगाईचा जाब त्या दिवशी जो विचारला गेला तो समाजातील सर्वांत तिरस्कृत आरोपींच्या निमित्ताने विचारला गेला, हेही तितकेच खरे. कॉ. गोविंद पानसरे हे स्वतः वकील. फेब्रुवारी २०१५ मध्ये या शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या हत्येच्या खटल्यातील आरोपींच्या वतीनेही येथील न्यायालयात वकील उभे राहिले. ज्यांना पानसरे आपले वाटत होते त्यांना हे पाहणे सोपे नसणार.

अशा खटल्यांत लोकांच्या लक्षात राहतो तो सरकारी वकील. बचावाच्या वकिलाचे नाव वृत्तपत्रातही शेवटच्या परिच्छेदात येते. विधी सेवा प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू केलेल्या बचाव-वकिलांच्या यंत्रणेला महाराष्ट्रात 'लोक अभिरक्षक' असे नाव मिळाले आहे. नाव संस्कृतप्रचुर असले तरी 'बचाव' या शब्दाला चिकटलेला संशय त्यात नाही, एवढा गुण मान्य करावा लागेल.

हजर वकील

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट २०१४ मध्ये पूर्ण झाला आणि २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. दामल्यांची रिकामी जागा भरली तर काय होते, याचे उत्तर जणू त्यात आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवला जातो. वीरा साथीदार यांनी साकारलेल्या या आरोपीला विनय व्होरा हा वकील आहे. हजर आहे, तयारीने येतो, पदरमोड करून जामिनाची रक्कम भरतो. मृताच्या पत्नीच्या उलटतपासणीतून तो गटारात उतरणाऱ्या माणसाचे सारे जीवन उलगडून दाखवतो. सुरक्षेची साधने नाहीत, वास सहन व्हावा म्हणून दारू. आत्महत्येचा सिद्धांत तेथेच ढासळतो. बेणारेच्या खटल्यात जी उलटतपासणी झाली नाही ती ही. तिचा प्रभावही असा की प्रेक्षागृहात शांतता पसरते.

तथापि ताम्हाणे व्होराला नायक करत नाहीत. तो सुखवस्तू गुजराती घरातला आहे, मराठी त्याला नीट कळत नाही आणि न्यायालयाला तो हिंदी किंवा इंग्रजीत बोलण्याची विनंती करतो. ज्या भाषेत आरोपी गातो ती त्याच्या वकिलाची भाषा नाही. न्यायालयात केलेल्या एका उल्लेखावरून दुखावलेल्या एका समाजाचे लोक त्याला बाहेर गाठून त्याच्या तोंडाला काळे फासतात. जामिनावर सुटलेल्या कांबळे यांना पुन्हा, अधिक कठोर कायद्याखाली अटक होते, आणि न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते. तेंडुलकरांबाबत वर जी उणीव दाखवली ती ताम्हाणे यांनी भरून काढली आहे. वकील सक्षम आहे, प्रामाणिक आहे, मुद्दा बिनतोड आहे, आणि आरोपी कोठडीतच आहे. आता प्रेक्षकाला सुटकेची वाट नाही.

या पार्श्वभूमीवर बेणारेच्या स्वगताकडे पुन्हा वळावे लागते. काशीकर तिला निवेदनासाठी दहा सेकंद देतात. प्रकाश बदलतो, इतर पात्रे गोठतात आणि ती दीर्घकाळ बोलते. ते संपल्यावर दहा सेकंद झाल्याचे सांगितले जाते आणि न्यायालयाच्या लेखी ती काहीच बोललेली नसते. समीक्षेने या स्वगताला आत्मनिवेदन म्हटले, काव्य म्हटले, काहींनी त्याला नाटकाच्या वास्तववादी पोतात न बसणारे ठिगळही ठरवले. शेवटचा आक्षेप बचावाच्या अंगाने पाहिल्यास टिकत नाही. फौजदारी प्रक्रियेत आरोपीला आपल्याविरुद्धच्या पुराव्याचा खुलासा करण्याची संधी देणे न्यायाधीशावर बंधनकारक असते. तो जबाब लिहून घेतला जातो आणि नोंदीत राहतो. बेणारेचे स्वगत म्हणजे हा जबाब आहे, फक्त तो लिहून घेणारा कोणी नाही. तो नोंदीवर आणण्याचे काम ज्याचे, तो माणूस आलेला नाही. म्हणून तो पात्रांच्या कानी न पडता थेट प्रेक्षकांकडे येतो. रचनेतील हा सांधा ठिगळ नसून रिकाम्या खुर्चीचा परिणाम आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. दाद मागण्यासाठी मुंबईला जावे लागणाऱ्या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांचे आणि कैद्यांच्या कुटुंबीयांचे अंतर त्यामुळे कमी झाले. खेड्यातून पहिल्यांदाच न्यायालयात येणारा माणूस तेथेही असणार, आणि अशा माणसाचे चित्र तेंडुलकरांनी सामंतच्या रूपाने काढून ठेवले आहे. खटल्याचा तो सारा खेळ मुळात त्याच्यासाठी मांडला गेला होता. न्यायालय म्हणजे काय ते त्याला दाखवायचे होते. त्याने ते पाहिले, सांगितले तसे साक्षही दिली. प्रयोगाची वेळ होते, सगळे तयारीला लागतात, बेणारे निश्चल पडून असते. सामंत जाता जाता कापडी हिरवा पोपट तिच्याजवळ हलकेच ठेवतो आणि बाहेर पडतो.